महामारीच्या काळांत वाट चुकलेलीं मुलें आणि आपण

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मग्रामाच्या मुख्य धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचें, दात्यांच्या औदार्याचें आणि या मंदिराच्या उभारणीचें गुणवर्णन ऐकावें अशी आपली अपेक्षा असेल. तें कार्य आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं आज सकाळीं उत्तम रीतीनें केलें आहे. परंतु ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरूं नये. जुन्या करारांत मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें ज्युबिलीचें वर्ष म्हणजे हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळण्याचें, दासाच्या सुटकेचें आणि दुरावलेल्यानें आपल्या कुळाकडे परत येण्याचें वर्ष होय. म्हणून दुरावलेल्यांची आठवण काढल्यावांचून केलेली ज्युबिली अपुरी राहील, असें आमच्या मनास वाटलें. आजचा आमचा विषय आहे तो महामारीच्या काळांत वाट चुकलेल्या मुलांचा.

विषय सुखाचा नाहीं. तरी पालकांच्या सभेंत तो बोलून दाखविला नाहीं, तर दुसरीकडे कोठें बोलावयाचा?

प्रथम शब्दाविषयीं दोन शब्द. 'बालगुन्हेगार' हा शब्द आपल्या तोंडीं बसला आहे. सन २०१५ चा बालन्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलांत आला. त्यानें अठरा वर्षांखालील अशा मुलास 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असें नांव दिलें. नांव उच्चारावयास जड आहे खरें. परंतु त्यांतील भाव मोलाचा आहे. कायद्याशीं या मुलाचा झगडा झाला आहे, तथापि तें अद्यापि मूलच आहे, असें हा शब्द सांगतो. अशा मुलास पोलिसांच्या कोठडींत अथवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. त्याची चौकशी बालन्याय मंडळापुढें होते. त्या मंडळांत एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात, आणि त्या दोघांपैकीं एक तरी स्त्री असावी लागते. मंडळ मुलास समज देऊन घरीं पाठवूं शकतें, समाजसेवेचें काम सांगूं शकतें, परिवीक्षेवर सोडूं शकतें, किंवा फार झालें तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहांत ठेवूं शकतें. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानें अति घोर अपराध केला असेल, तर मात्र प्राथमिक पारख करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालविण्याची वाट कायद्यानें ठेवली आहे. परंतु बहुतेक मुलांच्या हातून घडतें तें चोरी, मारामारी, दंगा असें असतें. आणि अशा मुलांसाठीं कायद्यानें पुन्हा नव्यानें आरंभ करण्याचें दार उघडें ठेवलें आहे.

आतां थोडें मागें वळून पाहूं. सांथ ही या करवीर नगरीस नवी नव्हे. सन १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला व पुढील कांहीं वर्षांत तो कोल्हापूर संस्थानांतही पसरला. त्या वेळीं तरुण छत्रपति शाहू महाराजांनीं प्रजेस गांवाबाहेर झोपड्यांत नेऊन वसविलें व स्वतः फिरून व्यवस्था पाहिली. पुढें सन १९१८ सालीं इन्फ्ल्युएंझाची सांथ आली. हिंदुस्थानांत तिनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. आणि तिचा विशेष असा कीं, म्हाताऱ्यांपेक्षां भर ज्वानींतील स्त्रीपुरुषांवर तिनें अधिक घाला घातला. म्हणजे ज्यांच्या पदरीं लहान लेंकरें होतीं, तेच आईबाप गेले. कोणत्याही सांथींत मेलेल्यांची मोजदाद होते. मागें उरलेल्या मुलांची मोजदाद फार करून होत नाहीं.

याच काळांत महाराजांनीं जें केलें, त्याचा विचार आम्हांस वारंवार करावासा वाटतो. सन १९१७ सालीं त्यांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्यापूर्वीं १९०१ पासून त्यांनीं मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य गणलेल्या जाती, आणि आपलीं भारतीय ख्रिस्ती मुलें, अशा निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहांस आश्रय दिला होता. मुलाच्या दिवसाचे तास कोणाच्या नजरेखालीं जातात, या प्रश्नास त्यांनीं राज्यकारभारांत स्थान दिलें. मुंबई इलाख्यांत याच सुमारास, म्हणजे सन १९२४ सालीं, मुलांचा स्वतंत्र कायदा झाला व मोठ्या कैद्यांहून त्यांना वेगळें वागवावें हें तत्त्व मान्य झालें. आजच्या कायद्याचें मूळ तेथपर्यंत जातें.

आतां आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या काळाकडे येऊं. आपल्या जिल्ह्यास महामारी एकटी भेटली नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेस महापूर आला. त्यांतून घरें सांवरतात न सांवरतात तोंच २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. दुसरी लाट आली तेव्हां जून २०२१ मध्यें, इतर पुष्कळ जिल्हे मोकळे होत असतां, आपल्या जिल्ह्यावर कडक निर्बंध कायम होते. आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें पुन्हा महापूर आला. दोन वर्षांत दोन पूर व मधें एक महामारी, अशा चक्कींत जें कुटुंब सांपडलें, त्याच्या घरांत काय उरलें असेल याची कल्पना करावी.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. महामारी आली व मुलें एकाएकीं चोर झालीं, असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें सन २०१९ सालीं देशांत अल्पवयीन मुलांवर ३२ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले होते. सन २०२० सालीं ते २९,७६८ झाले, म्हणजे कमीच झाले. सन २०२१ सालीं ते पुन्हा ३१,१७० झाले. पहिल्या वर्षीं रस्ते ओस होते, दुकानें बंद होतीं, घरोघर माणसें होतीं आणि पोलीस बंदोबस्तांत गुंतले होते. मग चोरी करावी कोठें व नोंदवावी कोणीं? म्हणून २०२० सालची घट पाहून निश्चिंत होणें चुकीचें, तसेंच २०२१ सालची वाढ पाहून हाहाकार करणेंही चुकीचें. शेतांत बीं पडलें कीं लगेच अंकुर दिसत नाहीं. त्या काळांत मुलांच्या जीवनांत काय पेरलें गेलें, तें पाहणें अधिक महत्त्वाचें.

या आंकड्यांत आणखी दोन गोष्टी वर्षानुवर्षें दिसतात. पकडलेल्या मुलांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश सोळा ते अठरा वर्षांचीं असतात. आणि त्यांपैकीं बहुसंख्य मुलें अनाथ किंवा बेघर नसून आपल्या आईबापांजवळ राहणारीं असतात. पालकहो, ही दुसरी गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. वाट चुकणारें मूल रस्त्यावरचें नसतें. तें घरांतलें असतें.

पहिलें कारण आर्थिक. आपल्या नगरीची मिळकत कशावर चालते? उद्यमनगरांतील व शिरोली, गोकुळ शिरगांव येथील ओतकामाचे व यंत्रकामाचे कारखाने, इचलकरंजीचे माग, हुपरीचें चांदीकाम, चपलांचा धंदा, बाजारपेठ व हॉटेलें. टाळेबंदींत हीं सर्व एका दिवसांत थांबलीं. मासिक पगाराच्या माणसास हप्ता तरी चुकतमाकत मिळाला. रोजंदारीवरच्या माणसाचें उत्पन्न तर त्याच दिवशीं शून्य झालें. घरकाम करणाऱ्या आयाबहिणींस सोसायट्यांनीं फाटक बंद केलें. मग उसनवारी, मग दागिना गहाण, मग व्याजी पैसा. अशा वेळीं घरांतील सोळा वर्षांचा मुलगा लेंकरूं राहत नाहीं. तो 'कमावता' होतो. त्यानें चार पैसे आणले तर कोठून आणले हें विचारण्याचें धैर्य बापास होत नाहीं. पैशाची गरज मुलास बिघडवितेच असें नाहीं. परंतु पैसा कोठून आला हें न विचारण्याची संवय घरास बिघडविते. ही गोष्ट आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे.

दुसरें कारण शाळेचें. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० पासून कोठें कोठें सुरू झाले, पुन्हा बंद झाले; आणि बहुतेक शाळा ४ ऑक्टोबर २०२१ नंतरच पुन्हा भरल्या. शाळा म्हणजे केवळ पुस्तक नव्हे. गैरहजर राहिल्यास विचारणारा गुरुजी, दुपारचें शिजविलेलें अन्न, आणि सकाळीं ठराविक वेळीं आंघोळ करून बाहेर पडण्याचें कारण, इतकें सर्व शाळा देते. अन्नाच्या ऐवजीं कोरडा शिधा मिळाला. गुरुजींच्या ऐवजीं मोबाईल आला. ज्या घरांत तीन मुलें व एक मोबाईल होता, तेथें वडील मुलानें 'तुम्ही शिका' म्हणून बाजूस होणें हें कित्येकदां खऱ्या त्यागानें घडलें. पण बाजूस झालेला मुलगा पुन्हा वर्गांत परतलाच असें झालें नाहीं. आणि ज्या घरांत प्रत्येकास स्वतंत्र मोबाईल होता, तेथें दुसरें संकट उभें राहिलें. पैशाचे खेळ, पैजा, अनोळखी माणसांची मैत्री, आणि दुसऱ्याची बदनामी करणारीं चित्रें पुढें पाठविणें. या वाटेनें गेलेलीं मुलें झोपडींतलीं नव्हतीं. सुखवस्तु घरांनीं हें आपल्याविषयीं नाहींच असें समजूं नये.

तिसरें कारण या नगरीस विशेष आहे. कोल्हापूरच्या पेठापेठांत तालीम आहे. तेथें वस्तादाच्या डोळ्यांतून कांहीं सुटत नाहीं. पोरगा रात्रीं जागला, कीं सकाळीं त्याच्या जोरांतून कळतें. तसेंच आपल्या पेठांचें फुटबॉल. संध्याकाळीं मुलाचें अंग दमतें, मन संघाशीं बांधलेलें राहतें, आणि मोठा खेळाडू लहानास दटावतो. टाळेबंदींत तालमी बंद पडल्या, मैदानें रिकामीं झालीं, जत्रा व कुस्त्या थांबल्या. आपलें मंदिरही मार्चपासून बंद होतें. सन २०२० चा पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिल रोजीं आपण घराघरांत केला, आणि राज्यांतील प्रार्थनास्थळांचीं दारें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, पुढें पुन्हा मिटलीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हा उघडलीं. धर्मशिक्षणाचा वर्ग, वेदीसेवकांची मंडळी, गायनवृंद, सर्व थांबलें. एका मुलावर दिवसाकाठीं आठदहा वडीलधाऱ्यांची नजर असे, ती एकाच वेळीं निघून गेली. उरली ती बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसलेल्या टोळक्याची संगत. तें टोळकें कधींच बंद झालें नाहीं.

चौथें कारण दुःखाचें. कित्येक मुलांचे वडील, आई, आजोबा रुग्णालयांत गेले ते परत आले नाहींत. तोंड पाहतां आलें नाहीं, खांदा देतां आला नाहीं, घरीं चार माणसें जमलीं नाहींत. मोठीं माणसें रडून मोकळीं होतात. पंधरा वर्षांचा मुलगा रडत नाहीं, तो रागावतो. कोणावर रागवावें हें त्यास कळत नाहीं, म्हणून तो सर्वांवर रागावतो. अशा घरांसाठीं सरकारनें सन २०२१ सालीं योजना केल्या. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नांवें केंद्र व राज्य या दोहोंकडून ठेवीची तरतूद झाली. राज्याची बालसंगोपन योजना एक पालक गमावलेल्या गरजू मुलांसही उपयोगी आहे. परंतु अर्ज भरून देणारा कोणी जवळचा नसेल, तर योजना कागदावर व मूल कट्ट्यावर राहतें.

येथवर आम्ही कारणें सांगितलीं. आतां एका मुलाची गोष्ट सांगतों. ती सांगण्यापूर्वीं आम्हीं त्याची व त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत. पापनिवेदनांत ऐकलेलें त्यांत एक अक्षरही नाहीं. तो कोण असेल याचा शोध आपण कृपा करून घेऊं नये. परवानगी मागितली तेव्हां तो म्हणाला, "सांगा फादर, पण आईला वाईट वाटेल असं काही नको."

तो वेदीसेवक होता. बाप ओतकामाच्या कारखान्यांत, आई चार घरचीं भांडीं करी. सन २०२० च्या जून महिन्यांत एके सायंकाळीं तो आमच्या निवासाच्या फाटकाशीं आला. आम्ही खिडकींतून विचारलें, "काय रे बाळा?" तो म्हणाला, "फादर, हॉलमध्ये एक तास बसू का? घरी अभ्यास होत नाही." घर एका खोलीचें होतें, बापास काम नव्हतें, आणि दारूचीं दुकानें पुन्हा उघडलीं होतीं, हें सर्व त्या एका वाक्यांत होतें. आम्हांस तें ऐकूं आलें नाहीं. आम्ही म्हणालों, "आतां परवानगी नाहीं. मंदिर उघडलें कीं ये." तो "बरं फादर" म्हणून गेला.

आम्हीं नियम पाळला. त्यांत चूक नव्हती. चूक ही कीं, नियम पाळून झाल्यावर त्या मुलाचा विचार आमच्या मनांत उरला नाहीं. त्याच्या बापास दूरध्वनि करतां आला असता. एखाद्या शिक्षकास त्याच्यासाठीं रोज दहा मिनिटें मागतां आलीं असतीं. दुसऱ्या दिवशीं पडवींत, अंतर राखून, एक खुर्ची मांडतां आली असती. यांतील कांहींच आम्हीं केलें नाहीं.

पुढें तो भाजीच्या गाडीवर उभा राहूं लागला. तेथें ओळख झालेल्या दोन मोठ्या माणसांनीं त्यास पिशव्या पोंचविण्याचें काम दिलें. पिशवींत गोव्याकडून आलेली चोरटी दारू होती. पोरावर पोलिसांस संशय येत नाहीं, म्हणून त्यास पुढें केलें. घरीं पैसे येऊं लागले. कोणीं विचारलें नाहीं. २०२१ च्या पुरांत त्यांच्या खोलींत पाणी शिरलें. त्यानंतर महिन्याभरांत एका घरांतून दोन मोबाईल चोरल्याबद्दल तो पकडला गेला. आम्हांस वाटलें, अभ्यासासाठीं घेतला असेल. आम्ही तसें विचारलेंही. त्यानें खालीं पाहून खरें सांगितलें, "नाही फादर. विकायला." त्याच्याविषयीं गोड कथा रचण्याचा आमचा मार्ग त्यानेंच बंद केला, याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहों.

मंडळानें त्यास समज देऊन परिवीक्षेवर सोडलें. मंडळापुढें बाहेरच्या बाकावर त्याची आई आम्हांस म्हणाली, "पोरगं वंगाळ न्हाई ओ फादर. पर त्याला इचारणारं कोन न्हवतं." तिनें आम्हांस दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें.

मंडळानें त्यास मोकळें केलें. आपण मात्र केलें नाहीं. बातमी व्हॉट्सॲपवरून घरोघर गेली. त्याचें छायाचित्रही गेलें. बंधुभगिनींनो, अशा मुलाचें नांव, छायाचित्र, शाळा जाहीर करणें हा स्वतःच गुन्हा आहे, व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मिस्सेच्या वेळीं त्या कुटुंबाच्या बाकावर इतर कोणी बसेना. चार महिन्यांनीं तें कुटुंब गांव सोडून गेलें. तो आज दुसऱ्या गांवीं एका यंत्रशाळेंत लेथवर काम करतो, व चांगलें करतो असें ऐकतों. तेव्हां तो सुधारला, यांत संशय नाहीं. फक्त आपल्यामध्यें राहून सुधारला नाहीं. या ज्युबिलीच्या पंक्तींत त्याचें पान मांडलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "फादर, गरिबी सर्वांस आली, सर्वांचीं मुलें चोर झालीं नाहींत." हें अगदीं खरें आहे. त्याच वस्तींत, त्याच पुरांत, असंख्य मुलें उपाशी राहून प्रामाणिक राहिलीं. कित्येकांनीं शेजाऱ्यांस औषधें व डबे पोंचविले. गरिबीस गुन्ह्याची आई म्हणणें हा गरिबांचा अपमान आहे. मनुष्यास परमेश्वरानें इच्छास्वातंत्र्य दिलें आहे, व त्या मुलानें जें केलें तें पाप होतें. तें त्यानें स्वतः मान्य केलें. परंतु त्याचा दोष मान्य केल्यानें आमचा दोष फिटत नाहीं. ज्यांनीं मुलाच्या हातीं दारूची पिशवी दिली, त्यांस तर हाच कायदा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. आपला दोष कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. परंतु हरवलेलें एक मेंढरूं शोधावयास नव्याण्णव मागें ठेवून जाणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत ज्यांनीं ऐकला आहे, त्यांच्या हिशेबांत तो अवश्य आहे.

या बाबतींत ख्रिस्तसभेजवळ चांगले कित्ते आहेत. संत योहान बॉस्को हे १८४१ सालीं इटलींतील ट्यूरिन नगरांत नुकतेच धर्मगुरू झाले होते. तेथील तुरुंगांत कोंवळीं मुलें पाहून त्यांचें काळीज हललें. सुटून गेल्यावर कोणी विचारणारा नसल्यानें तींच मुलें पुन्हा तुरुंगांत येतात, हें त्यांनीं ओळखलें. त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं, मिस्सेची सेवा करतां येत नाहीं म्हणून वस्त्रागारांतून मारून हांकललेल्या एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या मुलास त्यांनीं परत बोलावलें व आपला मित्र म्हटलें. त्यांचें सारें कार्य त्या परत बोलावण्यांतून निघालें. पुढें १८५४ सालीं ट्यूरिनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां याच रस्त्यावरच्या मुलांस त्यांनीं रोग्यांच्या सेवेस येतां काय असें विचारलें, व चाळीसच्यावर मुलें पुढें आलीं. महामारींत जीं मुलें बिघडतील असें लोकांस वाटत होतें, त्यांसच त्यांनीं काम दिलें. आम्हीं आमच्या वेदीसेवकास 'नंतर ये' म्हटलें. संत बॉस्को यांनीं त्यास डबे पोंचवावयास लावलें असतें. दोहोंत अंतर आहे तें एवढेंच.

आमच्या काळांत पोप फ्रान्सिस यांनीं २८ मार्च २०१३ च्या पवित्र गुरुवारीं रोममधील अल्पवयीनांच्या बंदिगृहांत जाऊन बारा तरुणांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या व परधर्मीयही होते. पोपपदावर आल्यानंतरचा त्यांचा तो पहिलाच पवित्र गुरुवार होता.

तर आतां आपण काय करावें? आम्ही लहान व होण्याजोग्या गोष्टी सुचवितों.

पहिली: सभागृह रोज सायंकाळीं पांच ते आठ अभ्यासासाठीं उघडें राहील. किल्ली आमच्याकडे नव्हे, तर पाळीपाळीनें तीन कुटुंबांकडे राहील, म्हणजे धर्मगुरू आजारी पडला तरी दार बंद होणार नाहीं. सर्व धर्मांच्या मुलांस तेथें मज्जाव नसावा.

दुसरी: प्रत्येक वस्तींत दोन वडीलधाऱ्या माणसांनीं आपल्या भागांतील मुलांची नांवें पाठ ठेवावीं. शाळेंत कोण जात नाहीं, कोणाच्या घरीं काम सुटलें, कोणाचा बाप किंवा आई गेली, हें त्यांस ठाऊक असावें, व सरकारी योजनेचा अर्ज भरून देणें हें त्यांनीं पुण्यकर्म समजावें. मूल संकटांत आहे असें दिसल्यास १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस आहे.

तिसरी: घरांत पैसा आला तर कोठून आला हें विचारावें. रागानें विचारूं नये. परंतु विचारल्यावांचून राहूं नये.

चौथी: एखाद्या मुलावर चौकशीचा प्रसंग आला, तर त्याच्या आईबापांबरोबर मंडळापुढें जावयास आपल्यांतून एक तरी माणूस जावें. कोल्हापुरांत बालकल्याण संकुल आहे. तेथील मुलांकडे नाताळास मिठाई घेऊन जाणें चांगलें, परंतु वर्षभर शिकवावयास जाणें अधिक चांगलें.

पांचवी व सर्वांत अवघड: तें मूल परत आलें म्हणजे त्याच्या बाकावर, त्याच्या शेजारीं, आपण बसावें. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत बापानें धांवत जाऊन पुत्रास मिठी मारली. परंतु थोरला भाऊ घरांत शिरावयास तयार होईना, आणि तो शेवटीं आंत गेला कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. तें उत्तर आपणांवर सोपविलें आहे.

सांथी पुन्हा येतील; पूरही येतील. त्या वेळीं शाळा, तालीम, मंदिर यांस कांहीं काळ दारें लावावीं लागतील, व तीं लावणें कर्तव्यही ठरेल. परंतु दार लावतांना बाहेर कोण उभें आहे हें पाहून, त्याचें नांव टिपून घेऊन, त्याची दुसरी सोय लावून मग दार लावावें. एवढें जरी या ज्युबिलीपासून आपण शिकलों, तरी हा महोत्सव सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.

त्या मुलास आम्हीं पत्र लिहिलें आहे, व महोत्सवाच्या शेवटच्या रविवारीं आईवडिलांसह यावें अशी विनंति केली आहे. उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. तें येवो अगर न येवो, मंदिराचें फाटक त्या दिवशीं पहांटेपासून उघडें राहील.

प्रभू येशू ख्रिस्त, जो स्वतः बारा वर्षांचा असतां तीन दिवस आईबापांस सांपडत नव्हता, तो आपल्या सर्व लेंकरांस घरीं सुखरूप आणो. आणि पवित्र मरिया व संत योसेफ, ज्यांनीं त्यास शोधतांना दम घेतला नाहीं, ते आपणांस शोधण्याचें बळ मिळवून देवोत. आमेन.